तारेवरची शाळा

‘मी उद्या आपल्याकडे जेवायला येणार’ एवढे शब्द कानी पडले, तरी मराठी यजमानाने चूल पेटवावी की न पेटवावी याचा उलगडा झालेला नसतो. कारण त्यापुढे ‘आहे’ येते, ‘होतो’ येते की ‘नाही’ येते यावर सर्व काही अवलंबून असते, आणि तो निर्णायक शब्द आपली भाषा वाक्याच्या अगदी शेवटच्या पायरीवर ठेवते. आपण आपसांत बोलतो तेव्हा या विलंबाची जाणीवही होत नाही. परंतु तेच वाक्य, त्याच क्षणी, कानांवर हेडफोन चढवून आणि तोंडासमोर मायक्रोफोन घेऊन इंग्रजीत सांगण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्या दुभाष्याची अवस्था ध्यानात आणावी. इंग्रजीला क्रियापद आधी हवे, मराठी ते शेवटी देणार; थांबावे तर मागून येणाऱ्या वाक्यांचा लोंढा स्मृतीला आवरत नाही, आणि न थांबता अंदाजाने बोलावे तर ‘नाही’चे ‘आहे’ होऊन बसते. जपानी आणि जर्मन भाषांतून काम करणाऱ्यांनाही हाच पेच रोज पडतो. किती थांबावे आणि कोठे उडी घ्यावी हे ज्ञान पुस्तकातून येत नाही; जाणत्या माणसाच्या शेजारी बसून, आपल्या चुका त्याच्या कानांवर पडू देत देतच ते अंगी मुरते. म्हणून मार्च २०२० मध्ये महामारीमुळे जगभरच्या शाळांना एकाएकी कुलपे लागली तेव्हा दुभाषी घडविणाऱ्या शाळांपुढे जो प्रश्न उभा राहिला, तो इतिहास किंवा गणित शिकविणाऱ्यांच्या प्रश्नाहून निराळ्या जातीचा होता.

दुभाषी हा मनुष्य जुनाच. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ मध्ये, इंग्रजांचा वकील म्हणून रायगडावर आलेल्या हेन्री ऑक्झिंडनबरोबर नारायण शेणवी हा दुभाषी होता, आणि इंग्रजांच्या दफ्तरात त्याचे नाव नमूद आहे. पण त्या काळी या विद्येची शाळा नव्हती. दोन भाषांत वावरणारा, दोन्ही पक्षांचा विश्वास असलेला माणूस हुडकावा आणि त्याला कामावर रुजू करून घ्यावे, एवढीच रीत होती. शाळेची गरज निर्माण केली ती विसाव्या शतकातील परिषदांनी. १९१९ च्या पॅरिस शांतता परिषदेत पॉल मांतू यांनी चार मोठ्या राष्ट्रांच्या नेत्यांसाठी जे काम केले ते वक्ता बोलून थांबल्यावर त्याचे भाषण दुसऱ्या भाषेत उभे करण्याचे, म्हणजे अनुवर्ती पद्धतीचे होते. या पद्धतीत प्रत्येक भाषण दोनदा ऐकावे लागते आणि सभेचा वेळ दुप्पट होतो. तेव्हा वक्ता बोलत असतानाच भाषांतर व्हावे ही कल्पना बॉस्टनचे व्यापारी एडवर्ड फाइलीन यांनी पुढे मांडली, आणि १९२० च्या दशकात जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत तिचे प्रयोग झाले. त्या प्रयोगांसाठी लागलेले यंत्र टेलिफोनच्या साहित्यातून सिद्ध झाले होते, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. समकालिक भाषांतराचा जन्मच मुळी तारेवर झाला आहे. पुढे २० नोव्हेंबर १९४५ रोजी न्युरेंबर्गचा खटला सुरू झाला तेव्हा इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन अशा चार भाषांत, बारा-बारा जणांच्या तीन तुकड्यांनी, या पद्धतीची खरी कसोटी दिली. तेथे वक्त्यासमोर दोन दिवे असत : पिवळा लागला की ‘सावकाश बोला’, तांबडा लागला की ‘थांबा’. दुभाष्याच्या हाती न्यायासनालाही थांबविण्याची मुभा होती, याचा विसर पुढे पुष्कळांना पडला.

शाळाही याच सुमारास उभ्या राहिल्या. जिनीव्हा येथे आंत्वान व्हेलमान यांनी १९४१ मध्ये दुभाष्यांची शाळा काढली, पॅरिसची प्रसिद्ध शाळा १९५७ मध्ये सुरू झाली, आणि दरम्यान १९५६ मध्ये झाँ-फ्रांस्वा रोझाँ यांनी टिपणे घेण्याच्या कलेवर एक लहानसे पुस्तक लिहिले, ज्याची सात तत्त्वे आजही विद्यार्थ्यांना पहिल्या सत्रात गिरवावी लागतात. आपल्याकडे लोकसभेत हिंदी-इंग्रजी समकालिक भाषांतर १९६४ पासून होत आले आहे. सर्वत्र शिकविण्याची तऱ्हा मात्र जवळजवळ एकच : वर्ग लहान, एक विद्यार्थी भाषण करतो, दुसरे काचेच्या बूथमध्ये बसून ते दुसऱ्या भाषेत सांगतात, आणि गुरुजी एका कानाने मूळ भाषण व दुसऱ्या कानाने विद्यार्थ्याचे भाषांतर ऐकत, मध्येच उठून एखाद्याच्या पाठीशी उभे राहून त्याच्या वहीत डोकावत, सबंध तासभर हिंडत असतात.

या कामातील मानसिक ताणाची मीमांसा फ्रान्समधील अभ्यासक दानिएल जिल यांनी केली आहे. त्यांच्या मते ऐकणे, स्मरणात धरणे आणि बोलणे या तीन प्रयत्नांचा एकाच वेळी मेळ घालणे हा चौथा प्रयत्न असतो, आणि मेंदूची एकूण शक्ती मर्यादित असल्यामुळे दुभाषी आपल्या सामर्थ्याच्या काठावरच सदैव चालत असतो. एका प्रयत्नाला थोडे अधिक बळ द्यावे लागले की दुसरीकडे तूट पडते, आणि ती तूट पुष्कळदा त्याच वाक्यात न दिसता पुढच्या वाक्यात प्रकट होते. या अवस्थेसाठी जिल यांनी दोरावर चालणाऱ्या डोंबाऱ्याची उपमा योजली आहे. मराठीत तिच्यासाठी ‘तारेवरची कसरत’ हा शब्दप्रयोग आधीपासूनच सिद्ध आहे, आणि प्रस्तुत विषयात तर तो अक्षरशः खरा ठरला.

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने महामारी जाहीर केली ती जिनीव्हातूनच. त्या संघटनेच्या वार्ताहर बैठका संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांत, आणि त्यांखेरीज पोर्तुगीज व हिंदीतही, दुभाष्यांमार्फत जगाने ऐकल्या. उलट न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषदेच्या सभा दूरचित्रसंवादाने भरू लागल्या तेव्हा पहिले काही आठवडे भाषांतराची तजवीजच होऊ शकली नाही, आणि सहा भाषांचा हक्क असलेल्या त्या सभागृहाला इंग्रजीवर निभावून न्यावे लागले. ज्या व्यवसायासाठी विद्यार्थी शिकत होते तोच व्यवसाय असा क्षणात अधांतरी झाला होता. आणि त्यांच्या शाळेलाही कुलूप होते.

दूर राहून भाषांतर करण्याची कल्पना मात्र नवी नव्हती. १९७६ मध्ये युनेस्कोने पॅरिस व नैरोबी यांच्या दरम्यान उपग्रहाच्या द्वारे तसा प्रयोग केला होता. जिनीव्हाच्याच शाळेने केनियातील काकुमा आणि दादाब येथील निर्वासितांच्या छावण्यांत दुभाषी घडविण्यासाठी दूरशिक्षणाचा आधार घेतला होता. टोरांटोच्या ग्लेंडन महाविद्यालयाने तर २०१२ पासून आपल्या अभ्यासक्रमाचे पहिले वर्ष पूर्णतः इंटरनेटवर ठेवले होते. परंतु या सर्व ठिकाणी अभ्यासक्रमाची आखणी दूरशिक्षण गृहीत धरून, महिनोन्महिने विचार करून झाली होती. २०२० च्या वसंतात बहुसंख्य शाळांना मिळाले ते आठ-पंधरा दिवस, किंवा तेही नाही. आखलेले दूरशिक्षण आणि आपत्तीत ओढून आणलेले दूरशिक्षण यांत अंतर आहे, आणि त्या दोन वर्षांचा हिशेब मांडताना दुसऱ्याचे दोष पहिल्याच्या माथी मारू नयेत असे मला वाटते.

पहिली अडचण आवाजाची. जुन्या टेलिफोनच्या तारेवरून साधारणपणे ३०० ते ३,४०० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी जातो. घरगुती बोलण्याला तेवढा पुरतो, कारण राहिलेले आपण अनुमानाने भरून काढतो. परंतु ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारख्या घर्षकांची पुष्कळशी शक्ती ४,००० हर्ट्झच्या वर असते, आणि म्हणूनच परिषदांतील दुभाष्यांच्या उपकरणांसाठी आंतरराष्ट्रीय मानकांनी १२५ ते १५,००० हर्ट्झची कक्षा मुक्रर केली आहे. ही चैन नव्हे. सामान्य श्रोता गप्प बसून ऐकतो. दुभाषी मात्र स्वतः बोलत असतानाच ऐकत असतो, आणि त्याचा स्वतःचा आवाज आलेल्या आवाजावर पडदा टाकीत असतो. तेव्हा मूळ आवाजात थोडीशी जरी उणीव असली तरी ती भरून काढण्याचा भार ‘ऐकणे’ या पहिल्या प्रयत्नावर पडतो, आणि जिल यांच्या सिद्धांताप्रमाणे स्मरण आणि बोलणे ही दोन्ही दरिद्री होतात. वक्ता दिवाणखान्यात बसून लॅपटॉपच्या अंगच्या मायक्रोफोनवर बोलतो आहे, भिंतींवरून आवाज परतून येतो आहे, संगणकातील गोंगाट दाबणारी योजना गोंगाटाबरोबर व्यंजनांचीही कत्तल करते आहे, आणि इंटरनेटच्या ओघात मधूनच एखादे अक्षर गळून जाते आहे, अशा स्थितीत ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांतील भेद कानाला कितीसा लागणार? आकडे हे तसेही दुभाष्याचे मर्मस्थान. कारण आकड्याला संदर्भ नसतो आणि तर्काने तो सावरता येत नाही.

शिक्षकांना येथे एक न्यायविषयक अडचण आली, जिची चर्चा फारशी झालेली नाही. विद्यार्थ्याचे वाक्य तुटले तर ते त्याला समजले नाही म्हणून तुटले, की त्याच्या कानापर्यंत पोचलेच नाही म्हणून? वर्गात सर्वांच्या कानी तोच आवाज जातो. येथे गुरूने ऐकलेले आणि शिष्याने ऐकलेले भाषण एक होते याची शाश्वती नव्हती. परीक्षेच्या वेळी हा संशय विशेष बोचे. यावर जो उपाय रुळला तो साधा होता : भाषण आधीच उत्तम ध्वनिमुद्रित करून विद्यार्थ्याच्या स्वाधीन करावे, त्याने ते आपल्या संगणकावरून ऐकत आपले भाषांतर मुद्रित करावे, आणि गुरूने मागाहून दोन्ही ऐकून कोणत्या मिनिटाला काय निसटले हे लिहून कळवावे. या उपायाने शिक्षकांचे श्रम अनेक पटींनी वाढले. परंतु इतके बारकाईचे अभिप्राय त्या विद्यार्थ्यांना एरवी क्वचितच मिळाले असते. हेडफोन तारेचा हवा, इंटरनेटही शक्य तर तारेनेच जोडलेले हवे, हे नियम त्या वर्षी विद्यार्थ्यांच्या तोंडी बाराखडीसारखे बसले.

दुसरी हानी मला अधिक गंभीर वाटते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की बूथमध्ये बोलणारा दुभाषी एकटाच काम करीत आहे. वास्तविक तेथे दोघे असतात, क्वचित तिघे, आणि साधारण वीस ते तीस मिनिटांनी पाळी बदलते. कारण त्यापुढे मेंदू थकतो आणि थकल्याचे त्या मेंदूला स्वतःला कळत नाही. पण ज्याची पाळी नाही तो विश्रांती घेत नसतो. वक्त्याने आकडा उच्चारला की तो कागदावर लिहून शेजाऱ्यापुढे सरकवतो. अपरिचित संस्थेचे नाव आले की दप्तरातून तो दस्तऐवज काढून नेमक्या कलमावर बोट ठेवतो. शेजाऱ्याचा श्वास आखूड होऊ लागला की ‘मी घेऊ का?’ असे नजरेनेच विचारतो. ही सेवा मुकी असते, आणि तिची नोंद कोणत्याही इतिवृत्तात होत नाही. हेडफोन लावलेल्या दोन माणसांमधील हा संवाद कोपराचा, भुवईचा आणि पेन्सिलीचा असतो, आणि विद्यार्थी तो शिकतात तेही कोणी सांगून नव्हे, तर सहा-सहा महिने एकाच अरुंद खोलीत खांद्याला खांदा लावून बसल्याने.

घरोघरी विखुरलेल्या विद्यार्थ्यांचा हा शेजारच नाहीसा झाला. ज्या झूमवर बहुतेक वर्ग भरत त्यात भाषांतराची सोय होती खरी; पण आरंभीच्या काळात तिची रचना अशी होती की दुभाष्याला केवळ मूळ सभेचा आवाज ऐकू येई, आपल्याच जोडीदाराचे भाषांतर ऐकू येत नसे. जोडीदार वाक्याच्या मध्यावर आहे की शेवटाला आला आहे हे न कळता पाळी घ्यावयाची, म्हणजे डोळे बांधून धावत्या माणसाच्या हातून कावड घेण्यासारखे होते. तसेच, एका भाषेवरून दुसरीत आणि तेथून तिसरीत जाण्याची जी साखळी मोठ्या परिषदांत नित्याची आहे, तीही त्या रचनेत जुळेना. मग विद्यार्थ्यांनीच तोड काढली : एका संगणकावर भाषांतर करावे, दुसऱ्या फोनवरून त्याच सभेत श्रोता म्हणून शिरून जोडीदाराचे ऐकावे, आणि तिसरीकडे व्हॉट्सॲपवर आकडे व नावे लिहून पाठवावीत. शेजाऱ्याच्या एका कागदाच्या चिठोऱ्याची जागा भरून काढण्यासाठी तीन यंत्रे खर्ची पडली, आणि त्या तिन्ही यंत्रांवर ठेवायचे लक्ष जिल यांच्या हिशेबातून, म्हणजे ऐकण्या-बोलण्याच्याच शिलकीतून, वजा झाले. तरीही ते टिकले, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

अनुवर्ती पद्धतीच्या शिकवणीत मात्र एक अनपेक्षित लाभ झाला. या पद्धतीत विद्यार्थी पाच-सहा मिनिटांचे भाषण वहीत टिपतो, पण शब्द टिपत नाही. विचारांचा सांगाडा टिपतो. रोझाँ यांच्या शिकवणुकीप्रमाणे कर्ता वर डावीकडे, क्रिया त्याखाली थोडी सरकवून, कर्म आणखी खाली, अशी टिपणे पानावर जिन्यासारखी उतरत जातात. चिन्हे वीसच, आणि त्यांतलीही अपरिहार्य अशी दहाच, असे त्यांचे म्हणणे. वर्गात शिक्षकाला ही वही दिसे ती भाषण संपल्यावर, पूर्ण झालेल्या रूपात. आता काहींनी पुस्तकांच्या चळतीवर फोन आडवा ठेवून त्याचा कॅमेरा वहीवर रोखला, काहींनी टॅब्लेटवर लेखणीने लिहीत तो पडदाच सर्वांसमोर उघडा केला, आणि टिपण उमटत असताना, रेघेमागून रेघ, ते पाहण्याची संधी शिक्षकाला प्रथमच इतक्या सहज मिळाली. वक्ता ‘परंतु’ म्हणाला आणि विद्यार्थ्याचा हात दोन क्षण थबकला. तो का थबकला हे विचारता येऊ लागले. वाक्यांना जोडणारे दुवे टिपायचे राहतात आणि विशेषणे मात्र टिपली जातात, हा नवशिक्यांचा सनातन दोष असा डोळ्यांसमोर घडताना दिसू लागला. शाळा पुन्हा उघडल्या म्हणून ही सोय मोडीत काढू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

घड्याळाची अडचण थोडक्यात सांगण्यासारखी आहे. कॅलिफोर्नियातील माँटेरीच्या दुभाषी घडविणाऱ्या शाळेचा विद्यार्थी बीजिंगच्या घरी परतला असेल तर उन्हाळ्यात त्याच्या आणि शाळेच्या घड्याळांत पंधरा तासांचे अंतर पडते. शाळेतला सकाळचा तास त्याला मध्यरात्री गाठावा लागतो. आणि भाषांतर हे मोठ्याने बोलण्याचे काम. ज्या घरात सर्व कुटुंब एका खोलीत निजलेले आहे तेथे मध्यरात्री कोणी निरस्त्रीकरणावरील भाषण खणखणीत आवाजात कसे सांगावे? आवाज दाबून बोलण्याची सवय एकदा लागली की ती मोडायला फार दिवस लागतात, कारण दबलेल्या आवाजात निश्चय नसतो, आणि श्रोत्याचा विश्वास बसतो तो निश्चयावर.

पुण्याला हा विषय परका नाही. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये परदेशी भाषा शिकणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या घडल्या, आणि चाकणच्या कारखान्यांतून जपानी अभियंत्याच्या शेजारी उभे राहून त्याचे म्हणणे मराठी कामगारांना समजावून सांगणारे दुभाषी ही तेथील नित्याची गोष्ट आहे. जुलै २०२० ची जपानी भाषेची आंतरराष्ट्रीय परीक्षा जगभर रद्द झाली तेव्हा यांपैकी अनेकांच्या बढतीचे आणि नोकरीचे मनसुबे लांबणीवर पडले. त्यांचे काम बूथमधले नव्हे, यंत्राजवळचे. तेथे ‘हे जरा सैल आहे’ म्हणताना अभियंत्याचे बोट कोणत्या खिळ्याकडे आहे हे पाहणे म्हणजेच निम्मे भाषांतर. आणि पडद्याच्या चौकटीत नेमके तेच बोट दिसत नाही. या शाखेला दूरशिक्षणाने न्याय देता आला नाही, हे कबूल केले पाहिजे.

त्यानंतरच्या घटनांनी एक गोष्ट सिद्ध केली. शाळांतील मुलांची आवाजाविषयीची तक्रार ही नवशिक्यांची कुरकुर नव्हती. कॅनडाच्या संसदेत इंग्रजी-फ्रेंच भाषांतर करणाऱ्या अनुभवी दुभाष्यांनी दूरसभांतील सदोष ध्वनीमुळे कानांना इजा झाल्याच्या तक्रारी नोंदविल्या. युरोपीय संसदेच्या दुभाष्यांनी २०२२ च्या उन्हाळ्यात याच कारणासाठी काम थांबविले. न्युरेंबर्गच्या त्या पिवळ्या आणि तांबड्या दिव्यांची आठवण अशा वेळी होते. महामारीत शिकलेली पिढी ‘मला नीट ऐकू येत नाही, सबब मी भाषांतर थांबवीत आहे’ हे वाक्य दोन्ही भाषांत, न बिचकता, उच्चारायला शिकून बाहेर पडली, आणि जुन्या विद्यार्थ्यांना हे वाक्य शाळेत शिकविलेले नव्हते.

२०२० च्या शरदात काही ठिकाणी बूथ पुन्हा उघडले, परंतु अंतर राखण्यासाठी एका बूथमध्ये एकच दुभाषी बसविण्याचा नियम आला, आणि जोडीदार काचेपलीकडच्या शेजारच्या बूथमध्ये गेला. नंतर हळूहळू काचेअलीकडे दोन खुर्च्या पूर्ववत मांडल्या गेल्या. दीड-दोन वर्षे एकट्याने, पडद्यासमोर, तीन यंत्रांच्या मध्ये बसून शिकलेल्या विद्यार्थ्यांना त्या दोन खुर्च्यांवर प्रथम बसविताना शिक्षकाने कोणता धडा द्यावा, असे मला कोणी विचारले तर मी अवघड भाषण निवडणार नाही. आकड्यांनी भरलेले एखादे साधे अंदाजपत्रक घ्यावे. बोलणाऱ्याच्या हातून पेन्सिल काढून घ्यावी, ती शेजाऱ्याला द्यावी, आणि दोघांमध्ये एकच कागद ठेवावा.